कापायला दिलेली गाडी

मी एक जुनी मोटारगाडी आहे आणि मला भिण्याची सवय आहे. तुम्ही म्हणाल, एवढी धिप्पाड गाडी, बॉनेटखाली आठ सिलिंडरचं इंजिन, सुरू केली की शेजारच्या खिडक्या थरथरतात, हिला कसली आली भीती? मित्रांनो, भीती सांभाळणाऱ्याकडून येते. ज्याने मला आयुष्यभर सांभाळलं तो माझ्यापायी सतत धास्तावलेला असायचा. त्याचं बघून मीही तशीच झाले.

माझा जन्म डेट्रॉइटचा. माणूस चंद्रावर उतरला, त्याच्या पुढच्या वर्षीचा. तेव्हा आमच्याकडे तरण्या पोरांना वेगाचं वेड लागलं होतं आणि पेट्रोलची कोणाला फिकीर नव्हती. कारखान्यांनी साध्या दोन दारांच्या गाड्या घेतल्या आणि त्यांच्यात ट्रकला शोभतील अशी दांडगी इंजिनं बसवली. मी त्यातलीच एक. गर्द हिरवा रंग, बॉनेटवर दोन पांढरे पट्टे, आणि दारं इतकी लांब आणि जड की उघडताना माणसाला खांदा लावावा लागायचा.

मला पहिल्यांदा एका दातांच्या डॉक्टरने विकत घेतलं. बिचारा फार सज्जन होता. त्याने ॲक्सिलरेटरवर पाय ठेवला की मी उसळायचे, आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडायचा. लोकांचे दात उपटणारा माणूस, पण माझ्यापुढे त्याचं काही चाललं नाही. वर्षभरात त्याने माझ्या काचेवर ‘विकणे आहे’ अशी पाटी लावून मला रस्त्याच्या कडेला उभं केलं. तिथे मला व्हर्लिन सोडरहोमने पाहिलं.

व्हर्लिन मिनेसोटाच्या उत्तरेला, बर्च क्रॉसिंग नावाच्या गावात राहायचा आणि कागदाच्या गिरणीत काम करायचा. त्याचं लग्न नुकतंच झालं होतं. त्याने मला घरी आणलं तेव्हा त्याची बायको आर्डिस दारात उभी होती. माझ्याकडे तिने वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“ही कोण?” ती म्हणाली.

“गाडी आहे.”

“ते दिसतंय मला. राहणार कुठे?”

“गॅरेजमध्ये.”

“आणि ट्रक?”

“ट्रक बाहेर राहील. त्याला काय होतंय?”

अशी मी त्या घरात आले. आर्डिस मला पहिल्या दिवसापासून सवत म्हणायची. रागाने नाही, गमतीने. शेजारणींना सांगायची, “मला ताप आला तर दोन गोळ्या घे आणि पड. माझ्या सवतीला नुसती शिंक आली तरी शहरातून सामान येतं.” शेजारणी हसायच्या, व्हर्लिनही हसायचा, आणि फडकं घेऊन माझं बंपर पुसत राहायचा.

ते माझे सुखाचे दिवस होते. उन्हाळ्यात शनिवारी संध्याकाळी आम्ही मुख्य रस्त्यावरून चक्कर मारायचो. जिल्ह्याच्या जत्रेत जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरायचं, तिथे मला निळी फीत मिळायची. लोक माझ्याभोवती गोळा व्हायचे, वाकून इंजिन बघायचे, आणि ‘वाईट नाही’ म्हणायचे. आमच्या भागात ‘वाईट नाही’ ही फार मोठी शाबासकी आहे. याहून जास्त कोणी कोणाचं कौतुक करत नाही.

पण जितकं कौतुक व्हायचं तितकी व्हर्लिनची धास्ती वाढायची. आमच्याकडे थंडीत रस्त्यावर बर्फ वितळवायला मीठ टाकतात, आणि ते मीठ लोखंडाला खाऊन टाकतं. त्या मिठाच्या भीतीने तो मला पहिला बर्फ पडायच्या आतच गॅरेजमध्ये बंद करायचा. चाकांवरचा भार जावा म्हणून खाली लाकडी ठोकळे लावायचा. उंदरांच्या भीतीने माझ्या सीटवर डांबराच्या गोळ्या ठेवायचा. वर खोळ घालायचा, आणि मग वसंत येईपर्यंत दर रविवारी खोळीचा कोपरा उचलून बघायचा. त्याचा श्वास मला ऐकू यायचा. उन्हाळ्यात आकाशात काळा ढग दिसला की गारा पडतील म्हणून तो मला धावतपळत आत घालायचा, आणि कोणी हातात आइस्क्रीम घेऊन जवळ आलं की मीच अंग चोरायचे. खरं सांगते, मला हे सगळं आवडायचं. आपल्यासाठी कोणाचा तरी जीव खालीवर होतो, हे कोणाला आवडत नाही?

ट्रक, म्हणजे मागे उघडा हौदा असलेली घरची गाडी, मात्र बाहेर उभा असायचा. तो माझ्याच वयाचा होता, जाड पत्र्याचा, बोलायला अगदी कमी. लाकडं, बर्फ, किराणा, सगळं तोच ओढायचा. त्याच्या दारांना गंज चढला होता, आणि चालकाच्या बाजूचं दार तर आतून ठोसा मारल्याशिवाय उघडत नसे.

एका शरदात व्हर्लिनने माझ्यासाठी नवे टायर मागवले. पांढऱ्या अक्षरांचे, जुन्या धाटणीचे. तोवर तो गिरणीतून निवृत्त झाला होता आणि दोघंही म्हातारी झाली होती. आर्डिस गॅरेजच्या दाराशी येऊन उभी राहिली.

“हिला कशाला टायर? ही तर आता सहा महिने झोपणार,” ती म्हणाली. “ट्रकला आधी घाल की. त्याचे बघितलेस का? तळहातासारखे गुळगुळीत झालेत.”

“ट्रकचं वसंतात बघू,” व्हर्लिन म्हणाला. “तो काय, मित्रांबरोबर कॉफी प्यायला जातो आणि येतो.”

त्या नोव्हेंबरात पाऊस पडता पडता गोठला. व्हर्लिन सकाळी कॉफीला गेला. तळ्याजवळच्या वळणावर ट्रक घसरला आणि झाडावर आदळला. मी तिथे नव्हते. मी खोळीखाली होते, कोरडी, नव्या टायरांवर. मला जे कळलं ते नंतर गॅरेजमध्ये येऊन दबक्या आवाजात बोलणाऱ्यांकडून कळलं. आमच्या गावात पगारी बंबवाले नाहीत. गावातलीच माणसं भोंगा वाजला की हातातलं काम टाकून धावतात. तीही लगेच धावली होती. व्हर्लिन आत शुद्धीवर होता, त्यांच्याशी बोलत होता. पण ट्रकचं दार उघडेना. फार वेळ लागला. इस्पितळातल्या डॉक्टरांनी सांगितलं की जरा आधी आणला असता तर वाचला असता.

हे गावात प्रत्येकाला माहीत होतं आणि आर्डिससमोर कोणीही ते काढलं नाही. मित्रांनो, आमच्या गावची माणसं मनाने चांगली आहेत, पण सरळ बोलणं त्यांच्या रक्तात नाही. काही नको असेल तर ‘बघू’ म्हणतील. काही द्यायला जा, दोनदा नको म्हणतील आणि तिसऱ्यांदा घेतील. दुःखाच्या घरी शब्दांऐवजी भांडं घेऊन जातील. व्हर्लिन गेला तेव्हा आर्डिसच्या ओट्यावर मांस आणि बटाटे घालून भाजलेल्या हॉटडिशची इतकी भांडी जमली की फ्रीजचं दार लागेना. सांत्वनाचा शब्द मात्र कोणाच्या तोंडून फुटला नाही. सगळ्यांनी तोंडात मिठाची गुळणी धरलेली.

त्यात ऑरिन ट्वाइटची अवस्था सगळ्यात वाईट होती. तो गावातलं हार्डवेअरचं दुकान चालवतो आणि आमच्या बंबवाल्यांचा प्रमुख आहे. त्या दिवशी ट्रकच्या दाराशी तोच होता. तेव्हापासून बर्फ पडला की तो भल्या सकाळी येऊन आर्डिसच्या दारापासून रस्त्यापर्यंतची वाट साफ करून जायचा. ती कॉफीला बोलवायची. तो आत यायचा नाही.

दोन हिवाळे मी खोळीखालीच राहिले. खोळीचा कोपरा आता कोणी उचलत नव्हतं. आर्डिस गॅरेजमध्ये यायची, फावडं घ्यायची आणि जायची. आपल्याला ती विसरली की मुद्दाम बघत नाही, याचा मी दिवसभर विचार करायचे. गाड्यांचा शौक असणारे दोघे-तिघे येऊन गेले. ‘सहज इकडून चाललो होतो’ म्हणत त्यांनी चौकशी केली. आर्डिसने त्यांना लिंबाच्या वड्या खाऊ घातल्या आणि परत पाठवलं. मला वाटलं, बरं झालं, मी घरातच राहणार.

मग मे महिन्यात एके दिवशी ऑरिन तिच्या घराची पन्हळ दुरुस्त करायला आला होता. त्याला शिडी हवी होती, म्हणून दोघं गॅरेजमध्ये आले. आर्डिसने एका हाताने माझ्यावरची खोळ ओढून काढली. मला उजेड सहन होईना.

“ऑरिन, ही गाडी घेऊन जा,” ती म्हणाली.

“नको हो, आर्डिस. एवढी चांगली गाडी.”

“तुला नाही देत. तुमच्या अग्निशमन दलाला देतेय.”

“ते कळलं. पण राहू द्या. तुम्हालाच लागेल.”

“मला कशाला लागतेय? घेऊन जा म्हणते ना.”

तिसऱ्यांदा झालं, त्यामुळे ऑरिनने टोपी काढली. “बरं. फार मोठं दान आहे हे, आर्डिस. उन्हाळ्यात दलाच्या निधीसाठी आपण पॅनकेकची न्याहारी ठेवतो, तिथे हिची सोडत काढू. हिच्यासाठी सगळा जिल्हा तिकिटं घेईल.”

“सोडतीला नाही,” आर्डिस म्हणाली. “कापायला.”

ऑरिनच्या हातातली शिडी भिंतीवर आपटली. तो काहीतरी पुटपुटला, मग ‘बघू’ म्हणाला. तीही ‘हो, बघ’ म्हणाली. आणि दोघं पन्हळ बघायला गेले.

कापायला म्हणजे काय, ते तुम्हाला सांगते. अपघातात माणूस गाडीत अडकला की त्याला काढायला बंबवाल्यांकडे एक यंत्र असतं. त्याला सगळे जबडा म्हणतात. तेलाच्या दाबावर चालतं आणि लोखंड कातरतं. ते हातात बसावं म्हणून सराव करावा लागतो, आणि सरावाला खऱ्या गाड्या लागतात. गावातले लोक त्यासाठी आपल्या मोडक्या गाड्या दान करतात. कुजलेल्या, इंजिन बसलेल्या, कोणाला नको असलेल्या. दलाच्या इमारतीमागे एक मैदान आहे, तिथे त्या कापल्या जातात आणि उरलेलं भंगारात जातं. सोडरहोमांच्या हिरव्या गाडीने तिथे जावं, हे कोणाच्या स्वप्नातही आलं नसतं.

पुढच्याच आठवड्यात मला तिथे नेऊन उभं केलं. जोलीन पेडरसन माझ्याजवळ आली. ती शाळेची बस चालवते आणि दलातही आहे. तिच्या हातात रंगाचा डबा होता. सरावाच्या गाडीवर पिवळी फुली मारतात, म्हणजे चुकून दुसरी कापली जाऊ नये. जोलीनने माझ्या दारावर फुली मारली आणि “माफ कर बाई” म्हणाली. त्या हिरव्या रंगावर व्हर्लिनने कधी माशी बसू दिली नव्हती.

तेव्हापासून मी जीव मुठीत धरून होते. सराव शनिवारी असायचा, आणि शनिवार जवळ आला की माझी झोप उडायची. गावातही चैन नव्हतं. लोक एकेक करून मैदानावर यायचे, माझ्याभोवती फिरायचे, मान हलवायचे. त्यांचं बोलणं मला ऐकू यायचं. “म्हातारीला कळतंय ना काय करतेय ते?” “कळतंय म्हणूनच करतेय. टायरचं माहीत नाही का तुला?” “हं.” “गाडीचा सूड घेतेय ती.” “मग विचारायला हवं कोणीतरी.” आणि मग कोणीच विचारायचं नाही.

मला तर खात्रीच पटली. सवतीने इतक्या वर्षांनी हिशेब काढला होता. तिची काही चूकही नव्हती. टायर माझ्या पायात आले आणि तिचा नवरा गेला. ते मी व्हर्लिनकडे मागितले नव्हते, हे खरं. पण घालताना मला किती आनंद झाला होता, तेही खरं आहे.

ऑरिनने पहिल्या शनिवारी सराव पुढे ढकलला. पाऊस येईल म्हणाला, आला नाही. दुसऱ्या शनिवारी जबड्याचं तेल बदलायचं निघालं. तिसऱ्या वेळी कोणाचं तरी लग्न. आर्डिस दरवेळी यायची, हातात वड्यांचा डबा असायचा, आणि शांतपणे म्हणायची, “हरकत नाही. पुढच्या शनिवारी.” जाताना माझ्याकडे बघायची. त्या बघण्याने माझं आतलं तेल गार व्हायचं.

एकदा जोलीन आणि ऑरिन माझ्या बंपरला टेकून उभे होते.

“तू विचार ना तिला,” जोलीन म्हणाली.

“काय विचारू?”

“का कापायची ते.”

“असं तोंडावर कसं विचारणार?”

“मग आडून विचार.”

“आडून विचारलं. म्हटलं, आर्डिस, हिचा रंग अजून छान आहे हो. ती म्हणाली, हो ना. आणि डबा पुढे केला.”

“मग तू काय केलंस?”

“वडी खाल्ली.”

जोलीनने कपाळाला हात लावला. “लोखंड कातरणारा माणूस तू,” ती म्हणाली, “आणि एका म्हातारीला एक प्रश्न विचारता येईना.”

शेवटी जूनमधला एक शनिवार आला, त्याला कुठलंच निमित्त सापडलं नाही. ऊन स्वच्छ होतं. दलातली माणसं जाड कोट घालून आली होती. बाजूला टेबलावर कॉफी ठेवलेली होती आणि गावातले बरेच लोक कागदी पेले धरून उभे होते. कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. माझ्या शेजारी ऑरिनने आणखी एक गाडी आणून ठेवली होती, एक छोटी राखाडी गाडी, खालून पार कुजलेली. ती बघून माझ्या मनात आशा आली. मला स्वतःची लाजही वाटली, कारण ती गाडी बिचारी काही बोलत नव्हती.

आर्डिस आली. तिने डबा टेबलावर ठेवला आणि थेट आमच्याकडे आली.

“ही कोणाची?” तिने राखाडी गाडीकडे बघत विचारलं.

“अशीच मिळाली,” ऑरिन म्हणाला. “मी काय म्हणत होतो, आज हिच्यावर करून बघू. तुमची गाडी काय, कुठे पळून जातेय? आणि सोडतीचं अजूनही होऊ शकतं. म्हणजे तुम्हाला वाटलं तर.”

“या डब्यावर सराव करणार तू?”

“सराव काय, कशावरही होतो.”

“हिचं दार लाथ मारली तरी पडेल.”

ऑरिनने टोपी काढली, पुन्हा घातली. जोलीनने मागून त्याला कोपर मारलेलं मी पाहिलं. मग त्या माणसाने जे केलं ते आमच्या गावात मी कधी पाहिलं नव्हतं. त्याने सरळ विचारलं.

“आर्डिस, तुम्ही हिच्यावर राग काढताय का?”

कागदी पेले जागच्या जागी थांबले. कोणीतरी खोकलं. आर्डिस त्याच्याकडे बघत राहिली, आणि मला वाटलं, ती आता उलट पावली घरी जाणार.

“गाडीवर कोण राग काढतं?” ती म्हणाली. “आता मी तुला विचारते. त्या दिवशी त्या दारापाशी इतका वेळ काय करत होतास तू?”

तिच्या आवाजात धार नव्हती. तिला खरोखरच माहीत करून घ्यायचं होतं. ऑरिनचा चेहरा लाल झाला.

“बिजागरी तुटत नव्हती,” तो म्हणाला. “आम्ही सराव केला तो सगळा असल्या हलक्या गाड्यांवर. त्यांचं दार चटकन येतं हातात. ट्रकचा पत्रा जाड होता. जबडा घसरत होता. कुठून धरावं तेच मला कळेना. मी खाली गेलो, मग वर गेलो, परत खाली आलो. व्हर्लिन म्हणत होता, सावकाश होऊ दे, ऑरिन. मला धीर देत होता तो.” तो थांबला. “मला रोज आठवतं ते.”

“मलाही,” आर्डिस म्हणाली. “मी तिथे नव्हते, तरी.”

आर्डिसने माझ्या दारावर, फुलीच्या बाजूला, तळहात ठेवला. “या जिल्ह्यात निम्मे लोक अजून जुनेच ट्रक चालवतात,” ती म्हणाली. “उन्हाळ्यात निम्म्या म्हाताऱ्यांच्या बुडाखाली अशा गाड्या असतात. त्यातला एखादा परत झाडावर जाईल. तेव्हा तू कुठून धरायचं ते शोधत बसणार का? हिचा पत्रा त्या ट्रकसारखाच आहे. व्हर्लिनने हिला कुठे गंजू दिली नाही. याहून घट्ट दार तुला सबंध राज्यात मिळायचं नाही. म्हणून हिच्यावर शीक.”

मित्रांनो, मी इतके आठवडे जे धरून बसले होते ते सगळं खोटं निघालं, आणि तरीही मला बरं वाटलं नाही. मरण सुडासाठी येवो की शहाणपणासाठी, लोखंड तेच कापलं जाणार होतं. मला भीती वाटतच होती. फक्त आता त्या भीतीत मी एकटी नव्हते. ऑरिनने हातमोजे दोनदा उलटे घातले.

“आत कोणाला तरी बसवता ना तुम्ही?” आर्डिसने विचारलं.

“जोलीन बसणार आहे.”

“मी बसते.”

“आर्डिस, काच उडते. मोठा आवाज होतो. माणूस घाबरतो आतमध्ये.”

“तेच मला बघायचंय,” ती म्हणाली.

या वेळी कोणी दोनदा नको म्हटलं नाही. जोलीनने तिला शिरस्त्राण दिलं, डोळ्यांवर चष्मा लावला, आणि माझं दार उघडून तिला आत बसवलं. चालकाच्या जागी. इतक्या वर्षांत ती तिथे कधी बसली नव्हती. तिने दोन्ही हात माझ्या स्टिअरिंगच्या चक्रावर ठेवले. ते गार होते आणि तिची नाडी मला लागत होती, भराभर चाललेली. म्हणजे तीही घाबरली होती. तिच्या अंगावर जाड घोंगडी घातली. जोलीन मागच्या सीटवर शिरली आणि तिने आर्डिसचं डोकं दोन्ही हातांनी धरून ठेवलं, खऱ्या अपघातात धरतात तसं. दार लागलं.

त्यांनी माझ्या चाकांना ठोकळे लावले. बॅटरीची तार कापली, आणि माझं घड्याळ बंद पडलं. काचेवर चिकटपट्टी लावून ती फोडली. घोंगडीखाली आर्डिस दचकली. मग जबडा सुरू झाला.

मी घट्टच राहिले. माझा तो स्वभाव आहे, मी काय करणार? पहिल्यांदा जबडा घसरला आणि माझा पत्रा नुसता चुरगळला. दुसऱ्यांदाही घसरला. ऑरिनच्या कपाळावरून घाम गळत होता आणि तो तसाच थिजून उभा राहिला. त्याचे डोळे माझ्या दारावर होते, पण तो बघत होता तो ट्रक. मी मनात म्हणत होते, वर धर, ऑरिन, वरच्या बिजागरीपाशी, तिथे फट आहे. त्याला मी कशी ऐकू येणार?

घोंगडीखालून आर्डिसचा आवाज आला. “ऑरिन, मी आहे अजून.”

त्याने एक श्वास घेतला. जबडा थोडा वर नेला, फटीत घातला आणि पत्रा बाजूला फाकवला. बिजागरी उघडी पडली. त्याने ती कातरली. तो आवाज मी सांगत नाही. मग खालची बिजागरी, आणि माझं ते लांबलचक दार चौघांच्या हातात आलं. पुढे सगळं भराभर झालं. काचेजवळचे खांब, मागचे खांब, आणि माझं छप्पर उचलून मागे दुमडलं. माझ्या आत आयुष्यात पहिल्यांदा वरून ऊन आलं. त्यांनी आर्डिसच्या पाठीमागे फळी सरकवली आणि तिला अलगद बाहेर काढून गवतावर ठेवलं.

तिने घोंगडी तोंडावरून काढली. “झालं?” तिने विचारलं.

“झालं,” ऑरिन म्हणाला.

“एवढाच वेळ?”

ऑरिनने मान हलवली. आर्डिस आकाशाकडे बघत पडून राहिली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी कानांकडे वाहायला लागलं. ऑरिन तिच्याजवळ गुडघ्यावर बसला आणि तोही रडला, सगळ्या गावासमोर, जाड कोट घालून. गावातले लोक पायांकडे बघत होते. पण त्या दिवशी कोणी निघून गेलं नाही.

बऱ्याच वेळाने आर्डिस उठून बसली. तिने डोळे पुसले, नाक पुसलं आणि माझ्याकडे बोट दाखवलं.

“पलीकडचं दार राहिलंय,” ती म्हणाली. “या बाजूला झाड आलं तर?”

त्यांनी तेही कापलं. पुढच्या शनिवारी समोरचा भाग कापला, कारण चक्र छातीवर दाबलं गेलं तर ते कसं ओढायचं हे त्यांना शिकायचं होतं. आता माझ्यात कापण्यासारखं फारसं उरलेलं नाही. पाऊस थेट आत पडतो. सीटच्या फाटक्या भागात उंदरांनी बिऱ्हाड केलंय, आणि त्यांना मी काही म्हणत नाही. भंगारवाला एकदा येऊन बघून गेला. ऑरिनने त्याला ‘बघू’ म्हटलं.

तुम्हाला वाटेल, आता तरी हिची भीती गेली असेल. नाही गेली. फक्त ती आता दुसऱ्याच कोणासाठी असते. भोंगा वाजला की माझ्यात जे काही शिल्लक आहे ते सगळं ताठ होतं. दुकानाचं दार आपटतं, ऑरिन धावत येतो. जोलीन बस रस्त्याच्या कडेला लावून येते. बंब बाहेर पडतो, आणि मग मैदानावर काहीच ऐकू येत नाही. कोण असेल, कुठल्या वळणावर असेल, हे मला कधीच कळत नाही. आर्डिसला तिच्या घरी भोंगा ऐकू जातो. मग ती चालत इथे येते, माझ्या उघड्या चौकटीवर बसते आणि ते परत येईपर्यंत उठत नाही.

मित्रांनो, माझं तुमच्याकडे एकच मागणं आहे. तुमच्या गावात, तुमच्या रस्त्यावर, मागून भोंगा वाजवत गाडी आली तर बाजूला व्हा. पुढचा होईल तेव्हा मी होईन, असं म्हणू नका. लगेच व्हा. पुढे कुठेतरी आत अडकलेला माणूस दाराकडे बघत बसलेला असतो.